फर्नांद बूशारची तिसरी चिठ्ठी

फर्नांद बूशारचा राग ऑल्डर फॉल्समध्ये सगळ्यांच्या परिचयाचा होता. तो कायम नाकाच्या शेंड्यावर बसलेला असायचा. अ‍ॅकॅडमीच्या भोजनगृहात तिनं एकतीस वर्षं पळी चालवली, आणि अन्न टाकून ताट परत नेणाऱ्या एकाही पोराला तिनं सुखासुखी जाऊ दिलं नाही. "तुझ्या बापानं लावलाय का हा बटाटा? नाही ना? मग गिळ तो." हेडमास्तर आले नि गेले, त्यांनाही तिनं असंच वागवलं. पण हा राग दुधासारखा होता; उतू गेला की खाली बसायचा, आणि दुपारी ती त्याच पोराच्या ताटात दोन पॅनकेक जास्त घालायची.

तिच्या पोटात दुसराही एक राग होता. त्याचा पत्ता तिला स्वतःलाही नव्हता. बासष्टाव्या वर्षी, ऑक्टोबरातल्या एका आठवड्यात, तो बाहेर पडला.

अ‍ॅकॅडमी खाजगी, पण गावाचीच. अमेरिकेच्या ईशान्येतल्या मेन राज्यात हे असंच चालत आलंय: गावाला स्वतःचं हायस्कूल नाही, दोनशे वर्षांपूर्वी कुणा पाद्र्यानं आणि लाकूडवाल्यांनी मिळून काढलेली अ‍ॅकॅडमी आहे, गावची पोरं तिथं जातात आणि त्यांची फी गाव भरतं. नदीवरची कागदाची गिरणी चालू होती तोवर वर्गात बसायला जागा नव्हती. गिरणीला कुलूप लागलं, तरणी माणसं दक्षिणेला निघून गेली, बाकं रिकामी पडली. तेव्हा कुठे विश्वस्तांना जगाची आठवण झाली. सोल, शांघाय, सायगॉन, माद्रिद, सगळीकडे पत्रकं गेली: स्वच्छ हवा, खरं बर्फ, चोऱ्या नसलेलं गाव आणि अस्सल इंग्रजी. पोरं आली, वसतिगृह भरलं. जे गाव शंभर वर्षं परक्यांच्या नावानं बोटं मोडत आलं, त्याची शाळा परक्यांच्याच पोरांवर जगू लागली, आणि याची लाज कुणाला वाटली म्हणता? कुणालाही नाही.

फर्नांदच्या घराण्याला या बोटं मोडण्याची चव चांगली माहीत होती. तिची माणसं कॅनडातून गिरणीत मजुरीला आलेली, फ्रेंच बोलणारी, कॅथलिक. तिच्या आजीनं लहानपणी कॅथलिकांच्या वाईटावर टपलेल्या, पांढरे बुरखे घातलेल्या लोकांची मिरवणूक बघितली होती. मशाली घेऊन ते फ्रेंच वस्तीवरून गेले होते आणि बुरख्याखालचे बूट आजीच्या बापानं ओळखले होते, कारण त्यांना टाचा त्यानंच ठोकून दिल्या होत्या. राज्यानं कायदाच केला होता की शाळेत इंग्रजीखेरीज काही चालणार नाही. तो कायदा फर्नांद शाळेत गेली तेव्हाही जिवंत होता.

तिच्या पहिलीच्या बाईंनी त्याची अंमलबजावणी मोठ्या युक्तीनं केली होती. कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा. सकाळी जो पहिला फ्रेंच बोलेल त्याच्या कॉलरला तो लागायचा. मग त्यानं दिवसभर कान टवकारून हिंडायचं, दुसरं कुणी फ्रेंच बोलताना सापडलं की चिमटा त्याच्या गळ्यात. तीन वाजता ज्याच्याकडे चिमटा असेल, त्यानं वर्ग झाडायचा आणि उद्या परत तोच लावून यायचं. बाईंना काही करावंच लागायचं नाही. पोरंच पोरांवर पहारा करायची. फर्नांद यात इतकी तयार झाली की दुसऱ्या महिन्यानंतर तिनं एकदाही वर्ग झाडला नाही. मैदानाच्या त्या टोकाला कुजबुज झाली तरी तिला ऐकू यायची. एकदा तिची सख्खी चुलत बहीण पडली, गुडघा फुटला, ती "ममाँ, ममाँ" म्हणून रडली. फर्नांदनं तिथंच तिला चिमटा लावला.

मोठी झाल्यावर हे ती हसत सांगायची. "कान आहेत की काय आहेत माझे!" म्हणायची. माणसं हसायची.

तिला मुलगा झाला. त्याचं नाव रे. नवरा जेरार गिरणीत होता. दोघांनी पाळण्यापाशीच ठरवलं: पोराशी फ्रेंच बोलायचं नाही. आपण भोगलं ते याच्या नशिबी नको. ममाँ, म्हणजे फर्नांदची आई, त्यांच्याकडेच राहायची, तिलाही बजावलं. मायलेकी स्वयंपाकघरात फ्रेंच बोलत असायच्या, आणि रे दारात आला की गप्प व्हायच्या. पोराला वाटायचं, आपण आलो की या दोघींचं भांडण थांबतं. तो मोठा झाला, रस्त्यावरचं बर्फ काढायच्या गाडीवर लागला, इंग्रजी एकदम साफ. फर्नांदला अभिमान होता. पुढे ममाँला मेंदूचा झटका आला आणि तिचं इंग्रजी पुसून गेलं. जन्मभर उसनं घेतलेलं ते आधी गेलं. शेवटचे आठ महिने ती फक्त फ्रेंच बोलत होती. रे रोज संध्याकाळी शुश्रूषालयात आजीपाशी बसायचा आणि हात धरून "हो मेमे, हो मेमे" म्हणायचा. फर्नांदला त्या वेळी शाळेत रात्रीचं जेवण वाढायचं असायचं.

हे सगळं झालं आणि गेलं. ममाँ गेली, जेरार गेला. आणि अ‍ॅकॅडमीत थर्लो नावाचे नवे हेडमास्तर आले.

सोमवारी सकाळी भोजनगृहात पाटी लागली: येथे फक्त इंग्रजी. थर्लोंनी वाढणाऱ्या बायकांना बोलावून प्रत्येकीच्या हातात गुलाबी चिठ्ठ्यांचं एक बुक दिलं. जो आपल्या भाषेत बोलेल त्याचं नाव लिहायचं, खाली सही करायची. आठवड्यात तीन चिठ्ठ्या झाल्या की शनिवारी संध्याकाळी फोन कार्यालयातल्या कपाटात. रविवारचा घरचा फोन बंद.

"वर्गात ही मुलं गप्प बसतात," थर्लो म्हणाले, "जेवायला बसली की तोंडं सुटतात. म्हणून तुमची मदत हवी."

फर्नांदच्या शेजारी उभी राहून वाढणारी बेव्ह हचिन्स फटकळ होती. ती म्हणाली, "म्हणजे वाढायचंही आम्हीच आणि चहाड्याही आम्हीच करायच्या? आणि काही नको ना, भांडी घासता घासता पाढेही शिकवतो!"

"त्यांच्याच भल्यासाठी आहे, बेव्ह."

आता खरं सांगायचं तर सांगूनच टाकतो. फर्नांद चिडली नाही. तिनं बुक घेतलं आणि मान हलवली. तिला ते पटलं. भलं कसं करतात ते तिला लहानपणीच शिकवलेलं होतं. बेव्हनं आपलं बुक टेकूसाठी डुगडुगत्या टेबलाखाली घातलं, आणि फर्नांदनं पहिल्याच दिवशी अकरा चिठ्ठ्या लिहिल्या.

"अगं, तुला झालंय काय?" बेव्ह म्हणाली. "पोरं जेवतायत. जेवू दे की."

"उद्या नोकरीला उभी राहतील तेव्हा कळेल. तुला काय कळायचंय, तुझी आई इंग्रजीतच तुला शिव्या घालायची."

व्हिएतनामहून आलेली हान नावाची एक मुलगी होती, पंधरा वर्षांची, कान्थो शहरातली. बारकीशी, बोलताना प्रत्येक शब्द तपासून घेणारी. दर रविवारी जेवायला ती फर्नांदच्याच घरी यायची, कारण वसतिगृहातल्या प्रत्येक पोराला गावातलं एक घर नेमून दिलेलं असायचं. फर्नांदचा तिच्यावर जीव होता. म्हणूनच तिच्यावर जास्त नजर. मंगळवारी एक चिठ्ठी, बुधवारी दुसरी. "इंग्रजीत बोल गं! इथं आलीस कशाला, घेवडा खायला?"

शुक्रवारी दुपारी हान एकटीच खिडकीपाशी बसली होती. टेबलावर दुसरं कुणी नव्हतं. तरी तिचे ओठ हलत होते, हळू, एका लयीत. फर्नांदनं ट्रे पुसता पुसता कान दिला. इंग्रजी नव्हतं. तिनं तिसरी चिठ्ठी लिहिली, सही केली आणि कार्यालयाच्या पेटीत टाकली.

शनिवारी संस्थापकांचं जेवण होतं. वर्षातून एकदा सगळं गाव शाळेच्या आवारात जेवतं. आदल्या दुपारी जमिनीत खड्डे खणून त्यांत लाकडं जाळायची, निखाऱ्यांवर घेवड्याची लोखंडी भांडी ठेवायची, त्यांत काकवी आणि खारवलेलं डुक्कर, वरून माती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उकरायची. फर्नांद सकाळी खड्ड्यांवरून हात फिरवून ऊब बघत होती, तेव्हा हान तिच्यासमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती. चांगली चिडलेली होती.

"मिस फर्न, तुमची चिठ्ठी परत घ्या."

"का म्हणून? बोललीस ना?"

"कुणाशी बोलले? कोण होतं तिथं?"

फर्नांदनं खड्ड्यावरचा हात काढला.

"मी रविवारची तयारी करत होते," हान म्हणाली. "माझी आजी. तिला आता काही आठवत नाही. पाच मिनिटंच बोलते, मग थकते. म्हणून मी दर वेळी तेच सांगते, त्याच क्रमानं. आमची गल्ली. घाटावरची होडी. फणसाचं झाड. कुत्रा. मग माझं नाव. तसं सांगितलं की ती ओळखते. मागच्या महिन्यात मला ताप होता, एक रविवार चुकला. पुढच्या रविवारी तिनं विचारलं, तू कोणाची? उद्या पण चुकला तर... पुढच्या आठवड्यात दहा लिहा. वीस लिहा. ही परत घ्या."

फर्नांद हाताची माती न झटकताच हेडमास्तरांच्या खोलीत गेली.

"ती माझी चिठ्ठी द्या. चुकून लिहिली."

थर्लोंनी चिठ्ठी काढली, बघितली. "हस्ताक्षर तुमचंच आहे. मुलगी व्हिएतनामी बोलत होती की नव्हती?"

"स्वतःशी बोलत होती! माणसानं स्वतःशीपण तुमची परवानगी काढून बोलायचं का?"

"फर्न, एकीसाठी नियम वाकवला तर उद्या चाळीस जण दारात उभे राहतील. एक रविवार. एका रविवारानं काय होतं?" मग ते खुर्चीत मागे रेलले आणि अगदी मायेनं म्हणाले, "तुमच्याच लोकांचं बघा ना. दोन पिढ्यांत किती छान मिसळून गेलात. तुमच्या रेचं बोलणं ऐकून कुणी म्हणेल का की... कुठे काय बिघडलं?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तोंडातून मात्र एक अक्षर फुटलं नाही. जन्मात पहिल्यांदाच असं झालं. तिला उत्तर येत होतं, पण ते इंग्रजीत येत नव्हतं.

संध्याकाळी पाच वाजता खड्डे उकरले. गाव रांगेत उभं राहिलं. पहिले विश्वस्त, मग म्हातारे, मग शाळेची पोरं. फर्नांद मोठ्या भांड्यामागे पळी घेऊन उभी होती. पहिल्या माणसानं ताट पुढे केलं आणि ती खणखणीत फ्रेंचमध्ये म्हणाली, "शुभ संध्याकाळ. किती वाढू? डुक्कर हवं की नुसताच घेवडा?"

तो विश्वस्त हसला. त्याला गंमत वाटली. दुसऱ्यालाही वाटली. पाचव्याला वाटेनाशी झाली.

मग फ्रेंच वस्तीतले म्हातारे आले. त्या रांगेत निम्म्याहून जास्त लोक असे होते की ज्यांच्या आया फ्रेंचमध्ये जपमाळ ओढायच्या. फर्नांदनं एकेकाला त्याच्या खऱ्या, फ्रेंच नावानं हाक मारली, फ्रेंचमध्ये विचारलं, आणि उत्तराची वाट बघितली. सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली. ताटाकडे बघत, पायांकडे बघत, पुढे सरकले. आर्मां सिरवा शहात्तर वर्षांचा. फर्नांदच्याच पहिलीच्या शाळेत शिकलेला, चिमटा कित्येकदा मिरवलेला. त्यानं ताट पुढे केलं आणि ओठ न हलवता इंग्रजीत म्हणाला, "फर्न, बस कर. लोक बघतायत."

"कोण बघतंय, आर्मां?" ती फ्रेंचमध्येच ओरडली. "बाई तर मेल्या! आता कोणाला भितोस?"

आर्मांनं घेवडा न घेताच ताट परत नेलं. ते तिला फार लागलं. थर्लोंच्या बोलण्याहून जास्त लागलं.

आवाज ऐकून थर्लो लगबगीनं आले. हसतच आले, कारण पाहुणे होते. "फर्न, पुरे आता. इंग्रजीत बोला. मुलं बघतायत, त्यांच्यासमोर आपण काय उदाहरण ठेवतो?"

तेव्हा ती इंग्रजीत बोलली. सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशी बोलली.

"लिहा ना मग चिठ्ठी! आत्तापर्यंत तीस झाल्या असतील. तीन झाल्या की घरचा फोन बंद, असंच ना? करा माझा बंद. माझ्या भाषेत मला फोन करायला कोणी उरलंच नाही, तुमच्यासारख्याच शाळेनं ते काम साठ वर्षांपूर्वीच उरकलंय! सकाळी विचारत होतात ना, कुठे काय बिघडलं? हे बघा." तिनं पळी त्या म्हाताऱ्यांच्या टेबलांकडे केली. "हे बिघडलं. एवढी माणसं आहेत, आणि एकालाही आईच्या भाषेत घेवडा मागायची हिंमत नाही. आणि हे तुम्ही आता पैसे घेऊन या पोरांना विकताय. आणि मी, मी गाढवीण, तुमच्यासाठी सह्या करत बसले!"

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी उठून तिच्या बाजूला उभंही राहिलं नाही. बेव्हनं तेवढी तिच्या हातातली पळी घेतली आणि ती थर्लोंना म्हणाली, "तुम्ही वाढताय का आता? की मीच वाढू?"

"तुम्ही घरी जा, फर्न," थर्लो हळू आवाजात म्हणाले. "सोमवारी येऊ नका. पुढचं आम्ही कळवू."

"कळवा. कोणत्याही भाषेत कळवा."

हानचा फोन कपाटातच गेला. हेडमास्तरांनी शब्द पाळला म्हणायचा. पण त्या गडबडीत एक गोष्ट त्यांच्या लक्षातून सुटली. रविवारच्या यादीत हानच्या नावापुढे अजून फर्नांद बूशारचंच घर होतं, आणि रविवारी कार्यालय बंद असतं. सकाळी साडेसातला वसतिगृहातल्या ताईंनी यादी बघितली, सही घेतली आणि मुलीला सोडलं. रे त्याच्या ट्रकमधून तिला घेऊन आला. आईनं शनिवारी काय केलं ते त्याला रात्रीपर्यंत चार जणांनी सांगितलं होतं, पण तो तिला एका शब्दानं बोलला नव्हता.

फर्नांदनं आपला फोन हानच्या हातात ठेवला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हाननं घरचा नंबर लावला. तिकडे संध्याकाळ होती. आधी मामी दिसली, मग फोन हलला, मग एक म्हातारी, पांढरे केस, नजर कुठेतरी भलतीकडे. हान सांगू लागली. त्याच लयीत, शुक्रवारी खिडकीपाशी जसं म्हणत होती तसंच. फर्नांदला एक शब्द कळत नव्हता, पण कुठला भाग चाललाय ते कळत होतं: ही गल्ली असणार. ही होडी. आता झाड. म्हातारीचा चेहरा लाकडासारखाच. हाननं परत पहिल्यापासून सुरू केलं. तिसऱ्या वेळी, कुत्र्यापाशी, म्हातारी मध्येच काहीतरी म्हणाली. हान खळखळून हसली, रडली, आणि दोघी एकदमच बोलायला लागल्या.

रे दारात उभा राहून बघत होता. तो वळला आणि मागच्या ओट्यावर निघून गेला. फर्नांद त्याच्या मागोमाग गेली. तिला वाटलं, आता नोकरीवरून बोलणार. तिनं उत्तर तयार ठेवलं होतं.

"मेमे गेली त्या संध्याकाळी," रे म्हणाला, "मी होतो तिथं. तू शाळेत होतीस."

"माहीत आहे मला."

"ती मला काहीतरी म्हणाली होती. माझा हात घट्ट धरून. मी म्हणालो, हो मेमे. तर तिनं मान हलवली, नाही नाही केलं आणि परत तेच म्हणाली. चार वेळा म्हणाली, मॉम. मी चारही वेळा हो म्हणालो." त्यानं नाक पुसलं. "तुला सांगितलं नाही. सांगून काय करणार होतो? सहा वर्षं झाली. ती काही मागत होती की काही सांगत होती, तेवढंही मला माहीत नाही. तू कालच्या जेवणात सगळ्या गावाला शिव्या घातल्यास. बरं केलंस. पण मला कुणी गप्प केलं होतं? थर्लोनं?"

फर्नांदनं त्याच्या दंडाला धरलं. "कसं होतं ते? आठवतं तेवढं म्हण."

"मला येत नाही गं."

"म्हण म्हणते ना! जसं ऐकलंस तसं. आवाज तर आठवत असेल!"

रेनं डोळे मिटले. चाळीस वर्षांचा तो गडी, ओठ वेडेवाकडे करत, लहान मुलासारखा काहीतरी पुटपुटला. दोन-तीन आवाज, मधे एक अडखळ, शेवटी नाकातून काढलेला एक सूर. फर्नांदनं आपले ते कान पुढे केले. मैदानाच्या त्या टोकाची कुजबुज ऐकणारे कान.

"परत म्हण," ती म्हणाली.

तो परत म्हणाला. या वेळी ते जरा वेगळंच झालं. फ्रेंचमध्ये त्याचा काहीच अर्थ होत नव्हता.

"परत!" फर्नांद त्याचा दंड हलवत ओरडली. "नीट म्हण, रे! परत म्हण!"